एका खोलीसाठी जिल्हा पालथा

बुलढाणा जिल्हा पाहायला येणारी मंडळी बहुतेक तीन ठिकाणं करून परततात. शेगावला गजानन महाराजांचं दर्शन, लोणारचं सरोवर आणि सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान. तिन्ही पाहण्यासारखीच आहेत, त्यात वाद नाही. पण मैत्रिणींनो, संसारी बाईचा प्रवास नुसता पाहण्यासाठी क्वचितच होतो. तिच्या पर्समध्ये एक यादी असते आणि त्या यादीच्या आधाराने देवदर्शनही होतं, निसर्गदर्शनही होतं! दिवाळीच्या सुट्टीत मी तीन दिवस आमचा जिल्हा हिंडले तो अशाच एका यादीपायी. यादीत साडी नव्हती, फराळाचं सामान नव्हतं. होतं ते असं : सात फुटी लाकडी मेज, वाफेची पेटी, तेलाची धार सोडायचं भांडं, चादरी, पडदे, खुंट्या, आरसा.

यादी माझी नव्हे, माझ्या मोठ्या नणंदेची. वन्सं चिखलीला असतात. आयुर्वेदाची पदवी त्यांनी लग्नाआधीच घेतली होती. पण मुलं, सासऱ्यांचं आजारपण, यांत पंधरा वर्षं पदवीचा कागद भिंतीवरच राहिला. आता मुलं हाताबाहेर, म्हणजे चांगल्या अर्थाने हो, गेल्यावर त्यांनी घराच्या मागच्या दोन खोल्यांत फक्त बायकांसाठी पंचकर्माची, तेल-वाफेच्या उपचाराची सोय करायचं ठरवलं. भांडवल कुठलं? माहेरच्या पाटल्या मोडल्या. पाटल्या मोडून केलेली खरेदी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात चैनीला जागा नसते आणि चुकीलाही.

हल्ली मोठ्या शहरांत 'स्पा' नावाची ठिकाणं निघाली आहेत. तिथल्या खोल्यांचे फोटो माझ्या मुलीने मोबाइलवर दाखवले. मंद दिवे, कोपऱ्यात दगडी मूर्ती, मखमली पडदे, पितळी उरुळीत तरंगणारी फुलं. छान दिसत होतं हो! वन्संनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि विचारलं, "ही फुलं रोज बदलणार कोण?" एका विक्रेत्याने तर फोनवरच सगळा 'सेट' पाठवण्याची तयारी दाखवली. त्याने सांगितलेल्या आकड्यात पाटल्या पुरत्या संपत होत्या, चादरींनाही पैसे उरत नव्हते. तेव्हा वन्संनी वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहून काढले. ही वस्तू धुता-पुसता येते का? बिघडली तर चिखलीत दुरुस्त होते का? आणि हिच्या भरवशावर एखादी बाई डोळे मिटून निश्चिंत पडू शकेल का? या तीन प्रश्नांना उतरेल तेच घ्यायचं, बाकी फुलं-मूर्ती नंतर पाहू.

बोथ्याच्या जंगलातून खामगावला

बुलढाणा आमचं अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं, म्हणून हवेशीर. तिथून खामगावला जायचं तर पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि तो बोथ्याच्या जंगलातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरतो. पावसाळा नुकताच संपलेला असला म्हणजे दोन्ही बाजूंचे साग अजून हिरवे असतात, गवत मात्र पिवळं पडू लागलेलं असतं. एस.टी.च्या खिडकीतून सागाची पानं पाहताना वन्सं मला मेजाचं लाकूड समजावून सांगत होत्या.

या मेजाला द्रोणी म्हणतात. साधा पलंग आणि द्रोणी यांत फरक असा, की द्रोणीला चारी बाजूंनी काठ असतो, म्हणजे अंगावर ओतलेलं तेल खाली न सांडता पायाकडच्या छिद्रातून भांड्यात जमा होतं. केरळातल्या 'धाराकल्प' ग्रंथात वड, उंबर, देवदार, कडुनिंब अशी कितीतरी झाडं या कामासाठी सांगितली आहेत. म्हणजे अमुकच लाकूड हवं असा हट्ट जुन्यांनीही धरला नव्हता. आपल्याकडे सुताराच्या हाताला सवय सागाची, मग सागाचं करावं. हल्ली फायबरचीही मिळते. ती हलकी आणि पुसायला सोपी असते, पण तडा गेला तर दुरुस्तीला आमच्या गावात माणूस नाही. दुसऱ्याच प्रश्नाला ती नापास झाली!

खामगाव म्हणजे कापूस आणि चांदी. कापसासाठी इथे १८७० साली जलंब स्टेशनपासून खास फाटा काढून रेल्वे आणली आणि तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. आजही दिवाळीच्या सुमारास कापसाने फुगलेल्या गाड्या रस्ता अडवून उभ्या असतात. चांदीसाठी तर गावाला रजतनगरी म्हणतात. साहजिकच एका दुकानात आम्हाला धारापात्र चांदीचं करून देण्याचा आग्रह झाला. कपाळावर तेलाची बारीक धार सोडतात ना, त्या शिरोधारेचं भांडं. चांदीचं भांडं नुसत्या कल्पनेतसुद्धा सुंदर दिसलं. पण भांडं धातूचं, अगदी मातीचंही चालतं. महत्त्व आहे ते तळाच्या छिद्राला आणि टांगण्याच्या उंचीला. धार कपाळाच्या वर सुमारे चार अंगुळांवरून पडली पाहिजे. म्हणून स्टँडची उंची कमी-जास्त करता यायला हवी आणि त्याचा पाया इतका जड हवा, की चालताना पदर अडकला तरी तो हलू नये.

पितळेचं घ्यावं असं माझ्या मनात होतं. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तेलाबरोबर कधी ताकाचीही धार धरावी लागते. पितळेत ताक ठेवलं तर काय होतं?" कळकतं, आणखी काय! हे तर आपल्या आजीलाही ठाऊक होतं. दर सहा महिन्यांनी कल्हईवाला शोधत बसण्यापेक्षा स्टीलचं बरं. जाड स्टीलचं, दोनेक लिटरचं, तळाला छिद्र पाडून घेतलेलं भांडं आम्ही साध्या भांड्यांच्या दुकानातून घेतलं.

सुताराकडे मात्र तासभर गेला. मेजाची लांबी सात फूट, रुंदी अडीच फूट, काठ दोन इंच, पायाकडे जरासा उतार, हे वहीत लिहिलेलं होतं. उंचीच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. सुतारकाका म्हणाले, "बाई, तुमी सरळ उभ्या ऱ्हा अन् हाताच्या मुठी करा." हात सैल सोडून उभ्या राहिलेल्या वन्संच्या मुठी जिथे आल्या तिथे त्यांनी पेन्सिलीची खूण केली. मालिश करणारीने वाकून काम केलं तर महिन्याभरात तिलाच उपचार घ्यावे लागतील आणि मेज फार उंच झालं तर हाताला जोर येणार नाही. म्हणजे मेज पेशंटच्या नव्हे, काम करणारीच्या मापाचं! स्वयंपाकाच्या ओट्याचंही असंच नाही का? पण आपला ओटा आपलं माप घेऊन कितीजणी बांधून घेतात?

तेवढ्यात दाराशी बसलेल्या सुतारकाकांच्या म्हाताऱ्या आईने विचारलं, "इतक्या उंचावर म्या चढाव कसं वो माय? तुह्या त्या खोलीत का जवान पोरीच येतीन?" आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. गुडघे दुखणारीच तर येणार! लगेच यादीत भर पडली : दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा, रुंद बुडाचा, वर खडबडीत रबर ठोकलेला आणि एका बाजूला धरायला दांडा असलेला. मेजाला फ्रेंच पॉलिश करू का, असंही काकांनी विचारलं. नको म्हटलं. गरम तेल आणि वाफ लागली की ते पांढरं पडतं. घासून गुळगुळीत केलेल्या लाकडाला नुसतं तेल पाजलेलं बरं.

शेगावची पांढरी चादर

खामगावहून शेगाव सोळा-सतरा किलोमीटर. गजानन महाराज १८७८ साली शेगावात प्रकट झाले आणि १९१० साली त्यांनी समाधी घेतली, हे आमच्याकडच्या लहान मुलालाही पाठ असतं. रात्री भक्त निवासात उतरलो. इथली स्वच्छता आणि शिस्त साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेली. दर्शन झालं, प्रसाद झाला आणि खोलीत येऊन पाठ टेकली तेव्हा वन्संनी पुन्हा वही काढली.

"या खोलीत काय काय आहे ते मोजा," त्या म्हणाल्या. कॉट, गादी, चादर, पंखा, आरसा, खुंट्या. संपलं! आणि तरीही इथे माणूस किती निर्धास्त झोपतो. का? तर चादर स्वच्छ आहे हे दिसतं आणि खोलीत लपायला धुळीला जागा नाही. खोली साधी असली की ती स्वच्छ ठेवणारीचे कष्ट अर्धे होतात. रोज दहा वेळा पुसायच्या खोलीत नक्षीचे पाय आणि जाळीची कपाटं म्हणजे आपणच आपल्याला लावून घेतलेलं काम.

चादरीचा रंग कोणता, यावर आमचा थोडा वाद झाला. मी गृहिणीच्या काटकसरीने म्हटलं, तेलाचे डाग पडणारच, तर गडद चॉकलेटी घेऊ, डाग दिसणार नाहीत. वन्संचं म्हणणं उलट. डाग दिसला पाहिजे! दिसला तरच तो उकळत्या पाण्यात जाईल. अनोळखी घरी अंगावरचे कपडे उतरवून आडवी होणारी बाई आधी चादरच पाहते. तिला पांढरी चादर दिसली की तिची निम्मी भीती जाते. मला पटलं. दुसऱ्या दिवशी शेगावच्याच बाजारातून मांजरपाटाचा तागा घेतला आणि हिशोब तिनाचा ठेवला : एक चादर मेजावर, एक धुण्यात, एक कपाटात. टॉवेल, अंगावर घ्यायचे झगे, डोक्याला बांधायचे पंचे, सगळ्यांना हाच हिशोब. झग्यांना बंद पाठीकडे ठेवायचे आणि मापं दोन शिवायची, कारण एकाच मापात आपण साऱ्या मावत नाही, हे कबूल करायला हरकत नाही!

गादीचं काय? द्रोणीवर नुसतं लाकूड टोचतं म्हणून पातळ गादी हवी. कापसाची घेतली तर तेल पिऊन महिन्याभरात खवट वास सुटतो. फोमची रेक्झिन घातलेली पुसता येते. मात्र शिवण वरच्या बाजूला नको, कारण तेल शिवणीतूनच आत शिरतं.

लोणारच्या काठावर

तिसऱ्या दिवशी चिखलीहून मेहकरला गेलो. वन्संच्या मावससासूबाई तिथे राहतात आणि त्यांच्या माळ्यावर तांब्याचं मोठं घंगाळ पडून होतं. ते मिळालं. मेहकरात शारंगधर बालाजीचं देऊळ आहे, काळ्या पाषाणातली भव्य, देखणी मूर्ती. औषधांची मापं-प्रमाणं सांगणारा 'शार्ङ्गधरसंहिता' ग्रंथ आयुर्वेदाला पाठ करावा लागतो, त्यामुळे देवाच्या नावावरूनच वन्संनी दोन नमस्कार जास्त केले.

मेहकरपासून लोणार वीस-पंचवीस किलोमीटरवर. इतक्या जवळ येऊन सरोवर न पाहता कसं जायचं? उल्का आदळून बेसॉल्टच्या काळ्या खडकात पडलेलं हे प्रचंड विवर, व्यास पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण आपल्या लोकांना ते लवणासुराच्या कथेतून कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. जून २०२० मध्ये खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे पाणी गुलाबी झालं तेव्हा वर्तमानपत्रं भरून गेली होती आणि त्याच वर्षी रामसर यादीत त्याचं नाव लागलं. गंमत अशी, की तळ्याचं पाणी खारं, अंगाला लागलं तर बुळबुळीत वाटणारं आणि काठावरच्या धारेचं पाणी मात्र गोडं. गोमुखाची धार बारा महिने वाहते. जवळच सीता न्हाणी आहे. वनवासात सीतामाईने तिथे स्नान केलं असं सांगतात.

'न्हाणी' या शब्दापाशी मी थबकले. चौदा वर्षं रानावनात हिंडणाऱ्या बाईसाठीही लोकांच्या मनाने आडोशाची एक वेगळी जागा राखून ठेवली. देवळं पुष्कळ बांधली जातात, पण बाईच्या न्हाणीला नाव देऊन जपणारी जागा विरळाच!

तळ्याकडे पाहत वन्संनी चरकाचा 'स्वेदाध्याय' सांगितला. चरकाने शेक-वाफेचे तेरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यातल्या 'जेंताक' नावाच्या प्रकारासाठी तर चक्क खोलीच्या बांधकामाचा तपशील दिला आहे. जागा तळ्याच्या काठी, पाण्यापासून सात-आठ हातांवर. खोली गोल, दार पूर्वेला किंवा उत्तरेला, उंची आणि रुंदी सोळा अरत्नींपर्यंत. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर. भिंती मातीने लिंपलेल्या आणि त्यांना पुष्कळ खिडक्या. आत भिंतीच्या कडेने एक हात उंच आणि तितकाच रुंद कट्टा, मध्ये मातीची उंच भट्टी आणि त्यात खैराची लाकडं. घाम घेणाऱ्याला सांगायचं, की घेरी आल्यासारखं वाटलं तरी कट्टा सोडू नकोस, कट्ट्याच्या आधारानेच दाराशी ये. मला नवल वाटलं ते या कट्ट्याचं. तो शोभेसाठी नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी माणसाला कडेकडेने दार सापडावं म्हणून तो दारापर्यंत नेलेला आहे. आपल्या यादीतला तिसरा प्रश्न दोन हजार वर्षांमागे कुणीतरी विचारून ठेवला होता!

दुसरा एक प्रकार ऐकून तर मला घरचीच आठवण झाली. 'कर्षू' म्हणजे पलंगाखाली खड्डा करून त्यात धूर नसलेले निखारे भरायचे आणि वर झोपून शेक घ्यायचा. म्हणजे आपल्या बाळंतिणीची बाज आणि खालची शेगडीच की! पण इथे वन्संनी बजावलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा. चरकाने खिडक्या सांगितल्या होत्या; आपण मात्र गार वारा लागेल म्हणून बाळंतिणीची खोली गच्च बंद करतो. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या आई-बाळाला तो झोपेतच गाठतो. म्हणून निखारे आणि बंद दार हे एकत्र कधीच नको, मग घर असो की दवाखाना.

लोणारच्या पाण्यात सोडा आणि मीठ आहे. अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'तही साबण आणि काच करायला लागणारे पदार्थ इथे मिळतात अशी नोंद आहे. हे ऐकून मला एकदम तेलकट टॉवेलांचा प्रश्न सुटल्यासारखा झाला. क्षार आणि तेल एकत्र आले की साबण होतो. म्हणजे तेलाने माखलेल्या चादरींवर महागड्या पावडरी ओतण्यापेक्षा कढत पाणी आणि किराणा दुकानातला धुण्याचा सोडा हाच खरा उपाय. रात्रभर त्यात भिजवायच्या, सकाळी साबणाने धुवायच्या. हातात मात्र रबरी मोजे हवेत. आणि एक सावधगिरी : तेलकट कापडं गोळा करून, विशेषतः उन्हाळ्यात, दाबून ठेवू नयेत. वनस्पती तेल हवेशी मिळून आतल्या आत तापत जातं आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. लगेच भिजवावीत, नाहीतर दोरीवर मोकळी पसरावीत.

चिखलीची खोली

सामान टेंपोतून आलं आणि खोली लागायला लागली. वन्संच्या सासूबाईंना सगळं गाव माई म्हणतं. माईंना आधी हा उद्योग पसंत नव्हता. "अंगाले तेल लावाचं दुकान? आमच्या काळी सासू लावे सुनेले," असं त्यांचं म्हणणं. पण पहारीचे ठोके ऐकू आल्यावर त्या काठी टेकत आल्याच आणि पहिला शेरा जमिनीवर मारला. खोलीला गुळगुळीत, चकचकीत फरशी बसवायचं घाटत होतं. माई म्हणाल्या, "तेलाचा थेंब पडला तं माणूस सरळ दवाखान्यात जाईन." खरंच होतं. चकाकी रद्द झाली आणि खडबडीत शहाबादी फरशी आली. न्हाणीत मोरीकडे चांगला उतार दिला. मोरीच्या तोंडाशी काढून धुता येईल अशी जाळी लावली, कारण तेल काढायला बेसन किंवा मसुराचं पीठ लावायचं आणि पीठ-तेलाचा चोथा नळीत गेला की प्लंबर घरचाच होऊन बसतो.

पाण्याचा हिशोब आमच्या भागात आधी करावा लागतो. नळ रोज येईलच असा भरवसा नसतो. माणशी दोन बादल्या गरम पाणी धरून गच्चीवर सौर बंब आणि ढगाळ दिवसांसाठी छोटा गीझर घेतला. विजेच्या प्रत्येक वस्तूला अर्थिंग आणि मुख्य फळीवर गळती झाली की वीज तोडणारा स्विच, यात काटकसर केली नाही. ओल्या, तेलकट हातांची खोली आहे ती.

वाफेची पेटी सुतारकाकांनीच केली. आत फळी-फळीचं बसायचं स्टूल, मानेपाशी गोल खाच आणि दार असं, की आतून नुसतं ढकललं तरी उघडावं. बाहेरून कडी लावायची पेटी वन्संनी कुठल्याही किमतीला घेतली नसती. वाफ येते ती पाच लिटरच्या कुकरमधून. शिटी काढून त्या जागी जाड रबरी नळी. कुकर आणि गॅस खोलीच्या बाहेर, पाणी निम्म्यापर्यंतच, नळीला कुठे मुडप नको आणि पहिली वाफ बाहेर सोडून द्यायची, कारण तिच्याबरोबर उकळते थेंब उडतात. तेलही थेट आचेवर नाही. गरम पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी ठेवायची आणि आधी स्वतःच्या मनगटावर पाहायचं. पेटीत बसलेल्या बाईच्या हाताशी पितळी घंटी आणि समोर घड्याळ. घंटी असली तरी तिला एकटं सोडायचं नाही, हा नियम.

दिव्याची गंमत ऐका. उभ्या माणसाने खोली पाहिली तर छताच्या मधोमध ट्यूबलाइट बरोबर वाटते. वन्संनी मला मेजावर उताणी झोपवलं आणि दिवा लावला. डोळे दिपले! तिथे पडणारीला छतच दिसणार, म्हणून दिवा बाजूच्या भिंतीवर गेला. पंखाही डोक्यावरून हलवून भिंतीला लावला. तेल लावलेल्या अंगावर वरून वारा आला की हुडहुडी भरते. खिडकी डोक्याच्या वर, दुधी काचेची. वाफ बाहेर जाईल, नजर आत येणार नाही. पडदे साध्या सुती कापडाचे. मखमल तेलाचा वास धरून ठेवते.

आता त्या वस्तू, ज्या कुठल्याही विक्रेत्याच्या 'सेट'मध्ये नव्हत्या. साडी काढून ठेवायला दोन मोठ्या खुंट्या आणि एक कोरडं, रुंद बाक. नऊवारी असली तर खुंटीवर मावत नाही. अंगावरचं सोनं ठेवायला कुलपाचा छोटा खण आणि तोही मेजावर पडल्या पडल्या दिसेल अशा जागी, किल्ली जिची तिच्या हातात. नाहीतर जीव सगळा बांगड्यांत अडकलेला, मालिश होणार कसली! मंगळसूत्र काढायचं नसेल तर काढू नये, मऊ फडक्यात गुंडाळून खांद्याकडे सरकवता येतं. बाहेर पडण्याआधी आरसा, फणी, कुंकवाची डबी, चार सेफ्टी पिना. तेलकट केसांनी भर बाजारातून घरी जायचं म्हणजे डोक्याला बांधायला पंचा हवाच. संडास खोलीला लागून, उंच बैठकीचा, बाजूला भिंतीत पक्की दांडी. शोधनाचे उपचार घेतलेली बाई अशक्त असते, तिने अंगण ओलांडावं का? न्हाणीची कडी अशी, की आतून लागते पण प्रसंगी बाहेरून नाणं घालून फिरवता येते. वाफ घेऊन आल्यावर चक्कर आली तर दार फोडत बसायला नको.

या लहान वस्तूंचा खर्च वाफेच्या पेटीच्या निम्माही झाला नाही. पण आमच्यासारख्या गावात खोली चालते की बंद पडते ते यांच्यावरच. एका बाईचा पाय घसरला, एकीला फटीतून कुणी पाहिल्याचा नुसता संशय आला, की पुन्हा त्या दारात कोणी चढणार नाही. मग पाटल्याही गेल्या आणि पंधरा वर्षांनी उघडलेलं दारही मिटलं.

मेजाची, पायऱ्यांच्या ठोकळ्याची परीक्षा पाहिली ती माईंनीच. "मी पायतो चढून," म्हणत त्या दांडा धरून दोन पायऱ्या चढल्या, बसल्या, मग आडव्या झाल्या. वन्संनी सुनेच्या नात्याने गुडघ्यांना कोमट तेल लावलं. थोड्या वेळाने पाहिलं तर माई चक्क घोरत होत्या! आठवड्याभराने त्याच शेजारणीला सांगत होत्या, "दुकान नाई वो, दवाखाना हाय." पहिल्या महिन्यात आल्या त्यात कापूस वेचून कंबर धरलेल्या मजूर बायका होत्या, दिवसभर उभ्याने शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरणी होत्या. कोणाला काय उपचार द्यायचा, ताप असला किंवा दिवस गेलेले असले तर काय टाळायचं, हे तपासून वन्संच ठरवतात. ते काम वैद्याचं, नुसत्या खोलीचं नव्हे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी असा उपचार-कक्ष काढतील ठाऊक नाही. पण प्रत्येकीच्या घरात एक न्हाणीघर आहे आणि बहुतेकींच्या घरात एक म्हातारं माणूस आहे. या दिवाळीला नवे पडदे घेण्याआधी न्हाणीघराच्या भिंतीत एक भक्कम दांडी बसवून घ्या, गुळगुळीत फरशीवर खडबडीत पट्टी टाका, कडी बाहेरून उघडते का ते एकदा पाहा. आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी हात सैल सोडून उभ्या राहा. ओटा तुमच्या मापाचा आहे की आणखी कोणाच्या, ते तेव्हा कळेल.